पावले मोजणारी मोटर

तुमच्या घरी भिंतीवर सेलवर चालणारे काट्यांचे घड्याळ असेल. त्याचा सेल संपत आला म्हणजे काय होते, हे तुम्ही पाहिले आहे का? घड्याळ एकदम बंद पडत नाही. सेकंदकाटा बहुधा नऊच्या आकड्याजवळ अडकतो आणि तेथल्या तेथे थरथरत राहतो. पाऊल उचलतो आणि पुन्हा मागे घसरतो. टिकटिक चालूच असते, पण वेळ पुढे सरकत नाही.

नऊच्याच जवळ का? सहापासून बारापर्यंत काट्याला वर चढायचे असते. त्यातही नऊवर काटा आडवा असतो, म्हणून त्याचे वजन आसापासून जास्तीत जास्त अंतरावर खाली ओढते. तेथे काटा फिरवायला सर्वांत अधिक जोर लागतो, आणि सेल थकलेला असला की तो जोर पुरत नाही.

या घड्याळात एक चिमुकली स्टेपर मोटर असते, म्हणजे पावलापावलाने फिरणारी मोटर. मारिउस लाव्हे या फ्रेंच अभियंत्याने १९३६ साली तिची रचना मांडली. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की उरतो सेकंदाला एक ठोका, म्हणजेच विजेचा एक स्पंद. तो वेटोळ्यात गेला की लहानसे गोल चुंबक अर्धा फेरा फिरते. पुढच्या सेकंदाला उलट दिशेचा स्पंद जातो, आणि चुंबक उरलेला अर्धा फेरा पुरा करते. दातेरी चाकांमुळे काटा एकेक घर पुढे जातो.

आता यातली गंमत पाहा. समजा, एका स्पंदाला चुंबक फिरलेच नाही. पुढचा स्पंद उलट दिशेचा असतो. तो चुंबकाला सांगतो, ‘अमुक दिशेला तोंड कर.’ पण चुंबकाचे तोंड त्या दिशेला आधीपासूनच आहे! म्हणून तो स्पंदही वाया जातो. एक पाऊल चुकले की दोन पावले बुडतात. आणि घड्याळातल्या विद्युत्‌मंडलाला याचा पत्ताच नसतो. आपले काम स्पंद पाठवणे. काटा हलला की नाही, हे बघायला त्याला डोळे कोठे आहेत?

घड्याळ चुकले तर आपली गाडी चुकेल. पण अशाच मोटरी दवाखान्यात ठरावीक वेगाने औषध सोडणाऱ्या पंपांत असतात, धातू कापणाऱ्या यंत्रांत असतात, प्रयोगशाळेच्या मापनयंत्रांत असतात. तेथे बुडालेल्या पावलाचा पत्ता लागलाच पाहिजे. तो कसा लावतात, ते आज आपण पाहणार आहोत.

एक फसलेला प्रयोग

दोन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातली एक विद्यार्थिनी प्रकाशाच्या विवर्तनावर प्रकल्प करीत होती. लेसरचा किरण एका अरुंद फटीतून गेला की पडद्यावर मधोमध एक रुंद तेजस्वी पट्टा आणि दोन्ही बाजूंना आळीपाळीने काळे व उजळ पट्टे दिसतात. पडद्याच्या जागी तिने एक सरकते टेबल ठेवले आणि त्यावर प्रकाशसंवेदक बसवला. स्टेपर मोटर मळसूत्री दांडा फिरवी, आणि दांड्याच्या एका फेऱ्यात टेबल ५ मि.मी. सरके. मोटरच्या एका फेऱ्यात २०० पावले, म्हणून एका पावलात टेबल ५ ÷ २०० = ०.०२५ मि.मी. पुढे जाई. प्रत्येक पावलाला एक वाचन घ्यायचे, शेवटी टेबल भरभर मागे आणायचे आणि पुन्हा मोजायचे, असा क्रम होता.

तिने पाच वेळा मोजले आणि पाच आलेख काढले. ते एकावर एक बसायला हवे होते. पण दुसरा आलेख पहिल्यापेक्षा ०.१ मि.मी. सरकलेला, तिसरा ०.१ मि.मी., चौथा ०.३ मि.मी., पाचवा ०.४ मि.मी.! मी म्हणालो, ‘वाचने निष्काळजीपणाने घेतली आहेस. पुन्हा घे.’ तिने पुन्हा घेतली. पुन्हा तसेच झाले.

तिने एक गोष्ट मात्र फार चांगली केली. आकडे जुळावेत म्हणून तिने काहीही ‘दुरुस्त’ केले नाही. जसे आले तसे वहीत लिहिले, आणि शेवटी मला विचारले, ‘सर, चूक माझी असती तर कधी ०.०५, कधी ०.१३ असे काहीही यायला हवे ना? पण हे सरकणे नेहमी ०.१ च्याच पटीत का?’

या प्रश्नाने मी गप्प झालो. माणसाच्या हातून होणारी चूक अशी ठरावीक मापाची नसते. म्हणजे चूक मोटरची होती, आणि ती मोटरच्या आतल्या रचनेत दडलेली होती.

दात्यांचे गणित

यंत्रांत वापरली जाणारी नेहमीची स्टेपर मोटर घड्याळातल्या मोटरीपेक्षा वेगळी असते. तिच्या फिरणाऱ्या भागाला, म्हणजे रोटरला, ५० दाते असतात. भोवतालच्या स्थिर भागावर वेटोळ्यांचे दोन गट असतात आणि त्या भागालाही बारीक दाते असतात. एका गटात प्रवाह सोडला की रोटरचे दाते जवळच्या चुंबकीय दात्यांसमोर येऊन उभे राहतात. मग प्रवाह दुसऱ्या गटात सोडायचा, नंतर पहिल्यात उलट दिशेने, नंतर दुसऱ्यात उलट दिशेने. असे चार बदल झाले की पुन्हा पहिली स्थिती येते. तेवढ्यात रोटर बरोबर एका दात्याएवढा फिरतो.

एक दाता म्हणजे ३६० ÷ ५० = ७.२ अंश. त्यात चार पावले. म्हणून एक पाऊल १.८ अंशाचे, आणि एका फेऱ्यात २०० पावले.

आता मोटरवर अचानक जादा भार पडला असे समजा. रोटर मागे रेंगाळतो आणि चुंबकीय क्षेत्र पुढे निघून जाते. रोटर एका पावलाएवढा मागे पडेपर्यंत त्याला पुढे ओढणारा जोर वाढत असतो. त्यापुढे तो कमी होऊ लागतो. दोन पावलांएवढा मागे पडला की जोर शून्य होतो. आणि त्याहूनही मागे पडला तर? मग मागचा दाता अधिक जवळचा होतो आणि रोटर सरळ त्यालाच चिकटतो! म्हणजे तो पुरा एक दाता, चार पावले, मागे राहतो. पंगतीत पाने मांडलेली असावीत आणि एखाद्याने धक्का लागून शेजारच्या पानावर बसावे, तसे हे आहे. दोन पानांच्या मध्ये कोणी बसत नाही.

आमच्या टेबलाच्या बाबतीत चार पावले म्हणजे ४ × ०.०२५ = ०.१ मि.मी. कोडे सुटले! शोध घेतल्यावर कारणही सापडले. टेबल भरभर मागे येताना प्रकाशसंवेदकाची वायर एका खिळ्यात अडकत होती आणि मोटर एखाद-दुसरा दाता गमावीत होती. नियंत्रक मात्र ‘टेबल मूळ जागी आले’ असे खुशाल धरून चालत होता. मी त्या विद्यार्थिनीची माफी मागितली, हे येथे सांगितले पाहिजे.

खिळा आम्ही काढला. पण उद्या दुसरे काही अडले तर? तेव्हा मोटरला डोळे देणेच भाग होते.

एकाच डब्यात सगळे

पूर्वी मोटर वेगळी, तिला प्रवाह पुरवणारा ड्राइव्ह वेगळा, पावले मोजणारा नियंत्रक वेगळा, आणि मध्ये वायरींचे जंजाळ असे. आता हे सर्व मोटरच्या पाठीवरच एका छोट्या डब्यात बसवलेले मिळते. त्यातच बहुधा एन्कोडर नावाचा भागही असतो. आम्ही अशी मोटर आणली. बाहेरून पाहिले तर एक मोटर आणि वायरी जोडण्यासाठी काही जागा, एवढेच. पण या जागांपैकी कोणती कशासाठी, हे यंत्राला आपणच सांगावे लागते. याला मोटरची मांडणी करणे म्हणू या. ही मांडणी चुकली तर उत्तम मोटरही आंधळी राहते, किंवा त्याहून वाईट म्हणजे तिला उलटे दिसते.

इनपुट : बाहेरून येणारी खबर

इनपुट म्हणजे बाहेरची खबर आत येण्याचा दरवाजा. ‘टेबल या टोकाला पोहोचले’, ‘त्या टोकाला पोहोचले’, ‘आरंभस्थानी आले’, ‘थांब’ अशा खबरा स्विचमार्फत येतात. प्रत्येक इनपुटविषयी चार गोष्टी ठरवाव्या लागतात.

पहिली गोष्ट व्होल्टतेची. कारखान्यातली नियंत्रणे बहुधा २४ व्होल्टवर चालतात, तर पुष्कळ ड्राइव्हचे इनपुट ५ व्होल्टसाठी केलेले असतात. आत एक छोटा एलईडी असतो. तो पेटला की समोरचा प्रकाशसंवेदक खबर पुढे देतो. दोघांमध्ये विजेचा संबंध नसतो, फक्त प्रकाशाचा. त्यामुळे बाहेरच्या वायरीत काही गडबड झाली तरी आतल्या नाजूक मंडलाला सहसा धक्का लागत नाही. या जोडीला ऑप्टोकपलर म्हणतात.

समजा, एलईडीला १.२ व्होल्ट लागतात आणि त्याच्या ओळीत आतच २७० ओहमचा रेझिस्टर आहे. ५ व्होल्ट जोडले तर प्रवाह (५ − १.२) ÷ २७० = सुमारे ०.०१४ अँपिअर, म्हणजे १४ मिलिअँपिअर. हे ठीक. पण चुकून २४ व्होल्ट जोडले तर २२.८ ÷ २७० = सुमारे ८४ मिलिअँपिअर! एलईडी जळून जाईल. उपाय तुम्हीच काढू शकाल. १० मिलिअँपिअर प्रवाह हवा असेल तर एकूण रोध २२.८ ÷ ०.०१ = २,२८० ओहम पाहिजे. आत २७० आहेतच. उरलेल्या सुमारे २,००० ओहमचा रेझिस्टर बाहेरून जोडायचा. त्यात ०.०१ × ०.०१ × २,००० = ०.२ वॉट उष्णता निर्माण होईल, म्हणून तो अर्ध्या वॉटचा घ्यावा. नववी-दहावीत शिकलेला ओहमचा नियम असा एक महागडी मोटर वाचवतो.

दुसरी गोष्ट, खबर केव्हा द्यायची? टोकावरचा लिमिट स्विच दोन प्रकारे जोडता येतो. एक म्हणजे एरवी उघडा, दाबल्यावर बंद. दुसरा म्हणजे एरवी बंद, दाबल्यावर उघडा. तुम्ही कोणता निवडाल? पहिला सोपा वाटतो. पण त्याची वायर तुटली तर? टेबल टोकाला आदळले तरी खबर येणार नाही, आणि वायर तुटल्याचे आधी कळणारही नाही. दुसऱ्या प्रकारात सारे ठीक असताना प्रवाह सतत वाहत असतो. स्विच दाबला तरी प्रवाह थांबतो आणि वायर तुटली तरी थांबतो. दोन्ही वेळी मोटर थांबते. रात्री गस्त घालणारा रखवालदार ठरावीक वेळाने शिट्टी वाजवतो. शिट्टी आली नाही की आपण समजतो, काहीतरी बिघडले. तसेच हे. म्हणून टोकाचे स्विच नेहमी एरवी बंद पद्धतीने जोडावेत आणि ‘प्रवाह थांबला म्हणजे धोका’ असे ड्राइव्हला सांगावे. माणसाच्या सुरक्षिततेचे लाल बटण मात्र एवढ्यावर सोडत नाहीत. त्याने मोटरचा वीजपुरवठाच तुटेल अशी वेगळी व्यवस्था करतात.

तिसरी गोष्ट गाळणीची. स्विचची धातूची पाने एकमेकांवर आदळली की चेंडूसारखी काही वेळा उसळतात. हे सारे काही सहस्रांश सेकंदांत आटोपते. आपल्याला एकच खटका ऐकू येतो, पण ड्राइव्हला तो पाच-सात वेळा दाबल्यासारखा वाटतो. म्हणून त्याला सांगतात, ‘खबर अमुक वेळ टिकली तरच खरी मान.’ ही वेळ ५ सहस्रांश सेकंद ठेवली असे समजा. पण थांबा! तेवढ्यात टेबल पुढे जातेच. वेग सेकंदाला ४० मि.मी. असेल तर ते ४० × ०.००५ = ०.२ मि.मी. पुढे गेलेले असेल. वेग सेकंदाला १ मि.मी. असेल तर फक्त ०.००५ मि.मी. म्हणजे खबरीची खात्री आणि खबरीची तत्परता या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पुऱ्या मिळत नाहीत. तडजोड करावी लागते.

चौथी गोष्ट, या दरवाजाने येणाऱ्या खबरेवर काय करायचे? ‘थांबायचे’, ‘येथून शून्य मोजायचे’, की ‘काम सुरू करायचे’? वायर तीच, पण ड्राइव्हला दिलेल्या अर्थाप्रमाणे परिणाम वेगळा. दोन टोकांचे स्विच उलटसुलट नेमले तर टेबल डाव्या टोकाला आदळत असताना मोटर उजवीकडची वाट अडवून बसेल!

एन्कोडर : मोटरचे डोळे

आता मोटरला डोळे कसे देतात ते पाहू. मोटरच्या आसावर एक पातळ चकती बसवतात. तिच्या कडेला समान अंतरावर बारीक खाचा असतात. चकतीच्या एका बाजूला एलईडी आणि दुसऱ्या बाजूला प्रकाशसंवेदक. आस फिरला की प्रकाश येतो, अडतो, येतो, अडतो. किती वेळा आला ते मोजले की आस किती फिरला ते कळते. काही एन्कोडरांत खाचांऐवजी चुंबक वापरतात, पण मोजण्याची युक्ती तीच.

पण एकच संवेदक असेल तर एक अडचण येते. आस पुढे फिरला की मागे, हे कसे कळणार? त्याहून वाईट म्हणजे, खाचेची कड नेमकी संवेदकासमोर असताना यंत्र नुसते थरथरले, तरी प्रकाश येत-जात राहील. मोजणारा म्हणेल, ‘आस किती छान पुढे चालला आहे!’ आणि आस तर जागचा हललेलाही नसेल.

यावर युक्ती अशी : दोन संवेदक बसवायचे. त्यांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणू. एका खाचेपासून पुढच्या खाचेपर्यंतच्या अंतराच्या एक-चतुर्थांशाने ते एकमेकांपासून सरकवलेले असतात. प्रकाश पडला तर १, नाही तर ० असे लिहू. पहिला आकडा अ चा, दुसरा ब चा.

पुढे फिरताना : ०० → १० → ११ → ०१ → ००
मागे फिरताना : ०० → ०१ → ११ → १० → ००

नीट पाहा. आता स्थिती ०० आहे आणि पुढची १० आली, तर आस पुढे गेला. ०१ आली, तर मागे गेला. थरथरण्याने ०० आणि १० अशी ये-जा झाली तर एक अधिक, एक उणे, म्हणजे शून्यच. शिवाय दर वेळी एकच आकडा बदलतो. ०० वरून एकदम ११ आले, तर मधली स्थिती हुकली हे लगेच कळते आणि मोजणारा ‘चूक झाली’ म्हणून ओरडू शकतो. एका वेळी एकच आकडा बदलणाऱ्या अशा मांडणीला ग्रे संकेत म्हणतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील फ्रँक ग्रे यांना तिच्या वापराचे एकस्व १९५३ साली मिळाले.

एका खाचेमागे चार वेगळ्या स्थिती मिळतात. चकतीवर १,००० खाचा असतील तर एका फेऱ्यात ४,००० मोजण्या. एक मोजणी म्हणजे ३६० ÷ ४,००० = ०.०९ अंश.

याखेरीज चकतीवर एक एकटी खाच असते. ती फेऱ्यात एकदाच प्रकाश देते. तिला शून्यखूण म्हणू. तिचा उपयोग आता दिसेल.

शून्य कोठे आहे?

मोजणे कितीही अचूक असले तरी ते कोठून सुरू केले, हे ठाऊक नसेल तर काय उपयोग? वर सांगितलेल्या एन्कोडरला वीज गेल्यावर आपण कोठे होतो याची आठवण राहत नाही. म्हणून यंत्र सुरू झाले की ते प्रथम आपले आरंभस्थान शोधते. यासाठी होम स्विच लागतो.

टेबल आधी भरभर स्विचकडे जाते. स्विच दाबला गेला की थांबते आणि थोडे मागे येते. मग अगदी हळू पुन्हा त्याच बाजूने स्विचला स्पर्श करते. हळू का, हे गाळणीच्या गणितावरून तुमच्या लक्षात आले असेलच. आणि ‘त्याच बाजूने’ यासाठी की स्विच दाबला जाण्याची जागा आणि सुटण्याची जागा एक नसते. त्यानंतर मोटर शून्यखूण येईपर्यंत फिरते आणि तेथे शून्य धरते. होम स्विच सांगतो कितवा फेरा, शून्यखूण सांगते त्या फेऱ्यातली नेमकी जागा. स्विच मात्र शून्यखुणेच्या अगदी लगत दाबला जाईल असा बसवू नये. तसा बसवला तर कधी या फेऱ्यातली खूण सापडेल, कधी पुढच्या फेऱ्यातली, आणि आमच्या टेबलात एकदम ५ मि.मी.चा घोटाळा होईल!

काही एन्कोडरांच्या चकतीवर प्रत्येक जागेसाठी निराळा संकेत असतो. बारा आकड्यांचा संकेत असेल तर २ चा बारावा घात, म्हणजे ४,०९६ जागा ओळखता येतात. असा एन्कोडर वीज येताच फेऱ्यातली आपली जागा सांगतो. तो अर्थात महाग असतो.

पाऊल आणि नजर यांची सांगड

मोटरची पावले आणि एन्कोडरच्या मोजण्या या दोन वेगळ्या मापांच्या पट्ट्या आहेत. आमच्या नव्या मोटरमध्ये दोन्ही वेटोळ्यांतला प्रवाह थोडाथोडा बदलून एका पावलाची १६ सूक्ष्मपावले केली जातात, म्हणजे फेऱ्यात २०० × १६ = ३,२०० सूक्ष्मपावले. एन्कोडरच्या मोजण्या ४,०००. तेव्हा ४ सूक्ष्मपावलांमागे ५ मोजण्या, हे प्रमाण ड्राइव्हला सांगावे लागते. येथे नवखे लोक हमखास चुकतात. खाचा १,००० म्हणून १,००० लिहितात. मग मोटर एक फेरा फिरली की ड्राइव्हला वाटते चार फेरे झाले, आणि तो लगेच चुकीची खबर देतो.

दुसरी चूक दिशेची. ती आम्हीही केली. अ आणि ब च्या वायरी अदलाबदल झाल्या होत्या. टेबल केसभर डावीकडे सरकले, तर एन्कोडर म्हणाला उजवीकडे सरकले. दुरुस्ती म्हणून ड्राइव्हने ते आणखी डावीकडे नेले. एन्कोडर म्हणाला, आणखी उजवीकडे! पाहता पाहता टेबल भरधाव टोकाकडे सुटले. चूक कमी करणाऱ्या दुरुस्तीला ऋण फीडबॅक म्हणतात. येथे तो धन झाला होता, आणि चुकीतून चूक वाढत होती. टोकाचा लिमिट स्विच एरवी बंद पद्धतीने नीट जोडलेला होता, म्हणून टेबल वाचले. तेव्हापासून आमचा नियम असा : दुरुस्ती चालू करण्याआधी, वीज बंद असलेल्या मोटरचा आस हाताने फिरवायचा आणि मोजणी अपेक्षित दिशेने वाढते की नाही ते पाहायचे. त्यासाठी एन्कोडरचा वीजपुरवठा तेवढा चालू ठेवतात.

तिसरा प्रश्न, किती चूक झाली म्हणजे ओरडायचे? भार असताना रोटर थोडा मागे राहणारच. एका पावलाचा मागेपणा म्हणजे २० मोजण्या, आणि तेथपर्यंत मोटर पुरा जोर लावत असते. दोन पावले म्हणजे ४० मोजण्या. तेथून परत येणे नाही. म्हणून आम्ही मर्यादा ३० मोजण्यांची ठेवली. १० ठेवली असती तर मोटर उगीच पदोपदी थांबली असती. ४०० ठेवली असती तर पाच दाते बुडाले तरी ती गप्प बसली असती.

मर्यादा ओलांडल्यावर दोन गोष्टी करता येतात. चूक भरून काढून काम पुढे चालवायचे, किंवा थांबून सांगायचे. आम्ही दुसरी निवडली. प्रयोगात मधली वाचने बिघडली असतील तर ती झाकून पुढे जाण्यापेक्षा ‘येथे काहीतरी झाले’ हे कळणे अधिक महत्त्वाचे.

एक मर्यादा मात्र विसरू नका. एन्कोडर मोटरच्या आसावर आहे. आस आणि मळसूत्री दांडा यांना जोडणारा दुवाच सैल झाला, तर आस फिरेल, एन्कोडर ‘सर्व ठीक’ म्हणेल आणि टेबल जागेवरच राहील. डोळा जेथे बसवला आहे, तेथपर्यंतचेच त्याला दिसते.

त्या विद्यार्थिनीने नव्या मोटरने पुन्हा पाच आलेख काढले. ते एकावर एक बसले. तिच्या वहीत मात्र जुने सरकलेले आलेखही तसेच आहेत. ते तिने खोडले असते, तर खिळाही सापडला नसता आणि हा लेखही लिहिला गेला नसता.

करून पाहा

१. भंगारात टाकलेला चेंडूचा जुना माऊस मिळाला तर तो संगणकापासून वेगळा करून उघडा. आत खाचांच्या दोन छोट्या चकत्या दिसतील, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. प्रत्येकीशेजारी एलईडी आणि संवेदक असतील. हाच तुमचा एन्कोडर!

२. पुठ्ठ्याची लांब पट्टी घेऊन तिच्यात ४ सें.मी. रुंदीच्या खाचा ४-४ सें.मी. अंतरावर कापा. मागे विजेरी धरा. समोर दोन विद्यार्थ्यांना पुठ्ठ्याच्या एकेका भोकातून पाहायला सांगा. दोन भोकांत २ सें.मी. अंतर ठेवा. उजेड दिसला की ‘एक’, नाही तर ‘शून्य’ असे त्यांनी म्हणायचे. पट्टी कोणत्या बाजूला सरकते आहे, हे पट्टीकडे पाठ करून बसलेल्या तिसऱ्याने ओळखायचे. शिक्षकांना वर्गात हा खेळ सहज घेता येईल.

३. एका यंत्रात मळसूत्री दांड्याच्या एका फेऱ्यात टेबल ४ मि.मी. सरकते. मोटरच्या रोटरला ५० दाते आहेत. टेबल ०.२४ मि.मी. मागे राहिलेले आढळले, तर किती पावले बुडाली? आणि ते ०.१० मि.मी. मागे राहिले असते, तर तुम्ही दोष मोटरला दिला असता का?

(उत्तर : एक दाता म्हणजे ०.०८ मि.मी., म्हणून ०.२४ मि.मी. म्हणजे ३ दाते, १२ पावले. ०.१० ही ०.०८ ची पट नाही. तेव्हा मोटरने पावले बुडवली नाहीत. दोष दुसरीकडे, कदाचित एखाद्या सैल स्क्रूत, शोधावा.)